पानातलं मीठ, बांगड्याचं मीठ

माझ्या प्रयोगशाळेच्या दारावर दोन पाट्या आहेत. मोठीवर लिहिलंय की इथे माती, पाणी आणि पानं तपासून मिळतील. छोटीवर लिहिलंय की आत काही खायचं नाही आणि कशाला हात लावायचा नाही. भिवंडीतला माणूस मोठी पाटी वाचून आत येतो आणि छोटी वाचायच्या आत माझ्या टेबलावर कोपर टेकून, हातातला समोसा सांभाळत विचारतो, "झाडातलं मीठ बघतात त्या मॅडम तुम्हीच ना?"

मीच. गावात माझं नावच मीठवाल्या मॅडम पडलंय. आधी एका संशोधन केंद्रात खाऱ्या जमिनीतल्या भातावर काम केलं, मग नोकरी सोडून आपल्याच गावात हे दुकान थाटलं. वडील सायझिंगमध्ये सुताला खळ लावायच्या कामाला होते. आपली मुलगी एम.एस्सी. होऊन नेमकं काय करते, हे ते वस्तीत सगळ्यांना एका वाक्यात सांगायचे, "झाडांचं बीपी बघते." मी तेव्हा चिडायचे. पण खरं सांगू का, यापेक्षा सोपं मलाही आजवर सांगता आलेलं नाही.

दिवाळी अंकाचे संपादक फोनवर म्हणाले, अगदी पहिल्या नोकरीपासून लिहा. त्यात काय गंमत आहे? अर्ज, बदल्या आणि साहेब. त्यापेक्षा माझी गिऱ्हाइकं सांगते.

वळ गावच्या एका मोठ्या गोदामाचे मॅनेजर एकदा धापा टाकत आले. गोदामाच्या फाटकाशी त्यांनी हिरवळ आणि जास्वंदीची रांग लावली होती. कंपनीचे मोठे साहेब बघायला येणार होते आणि नेमक्या तेव्हाच सगळ्या झाडांच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. बिचाऱ्याने खत बदललं, माळी बदलला, शेवटी झाडंसुद्धा बदलली. नवीनही करपली.

मी विचारलं, "पाणी बदललंत का?"

"पाणी तर एकदम फर्स्ट क्लास केलंय, मॅडम! बोअरचं पाणी जड होतं, नळांना पांढरे थर धरायचे. म्हणून सॉफ्टनर बसवून घेतला."

मी कपाळाला हात लावला. सॉफ्टनर पाण्यातला चुना काढून घेतो, ते खरं. पण तो काही फुकट घेत नाही. चुन्याच्या जागी सोडियम, म्हणजे मिठातला अर्धा भाग, पाण्यात सोडून देतो.

"तुमच्याकडे त्या मशीनसाठी मिठाच्या गोण्या येतात ना? त्या कुठे जातात?"

"मशीनमध्ये."

"आणि मशीनमधून?"

मॅनेजरसाहेबांनी बोटाने हवेत पाइपाची वाट रेखली. मग हळूच म्हणाले, "झाडांत?"

"झाडांत!"

दुसऱ्या एक काकू. फार गोड बाई. त्या दर मंगळवारी अकलोलीला जायच्या, देवीच्या गरम कुंडाचं पाणी कॅनमध्ये भरून आणायच्या, घरी ते गार करायच्या आणि भक्तिभावाने तुळशीला घालायच्या. तुळस मरायची. नवीन लावली की तीही मरायची. कुणाची तरी दृष्ट लागतेय असं त्यांच्या मनाने घेतलं होतं आणि समोरच्या बिऱ्हाडाशी बोलणंही टाकलं होतं. मी कॅनमधलं पाणी तपासलं, त्यांनाही चाखून बघायला सांगितलं आणि म्हटलं, "काकू, हे पाणी खारट आहे. गुडघ्यांना लावा. तुळशीला आपलं नळाचं घाला."

काकू म्हणाल्या, "म्हणजे देवी माझ्या गुडघ्यांवर प्रसन्न आणि तुळशीवर नाही, असं म्हणायचंय का तुला?"

यावर मी कॅन त्यांच्या हातात परत दिला. पण तुळस आता बहरलीय आणि समोरच्या बिऱ्हाडातून त्यांच्याकडे फराळाचं ताट जातं, असं कानावर आलंय.

आता हे मीठ झाडाचं एवढं काय वाकडं करतं, ते सांगायला हवं. ते दोन बाजूंनी कोंडीत पकडतं. मुळाभोवती मीठ वाढलं की पाणी मिठाला चिकटून बसतं. झाड गुडघाभर पाण्यात उभं असतं आणि तहानेने व्याकूळ होतं. दुसरी बाजू त्याहून वाईट. पेशीला पोटॅशियम लागतं, त्याच्यावर तिची सगळी कामं चालतात. सोडियम दिसायला पोटॅशियमसारखाच. तो त्याच्या दारातून आत शिरतो, त्याच्या खुर्चीवर जाऊन बसतो आणि काडीचं काम करत नाही. अशी माणसं आपण ऑफिसात पाहिलेलीच असतात.

पण झाड काही गप्प बसत नाही. माझं आयुष्य यातच गेलंय, म्हणून इथे मला थोडा चेव येतो, तो सोसा. पेशीच्या भिंतीला लागून एक नाजूक पडदा असतो आणि त्या पडद्यात पंप बसवलेले असतात. हे पंप हायड्रोजनचे बारीक कण सतत बाहेर फेकत असतात. ते कण परत आत घुसायला बघतात. तेव्हा दारावरची दुसरी यंत्रणा म्हणते, ये बाबा आत, पण तू येताना एक सोडियम बाहेर जाईल. अशी ही अदलाबदल रात्रंदिवस चालू असते. त्यात ताकद जाते, म्हणून खारातलं झाड नेहमी थोडं खुजं राहतं. तरीही जो सोडियम आत उरतो, त्याला पेशी आपल्या पोटातल्या एका मोठ्या पिशवीत नेऊन कोंडते. पुस्तकात तिला रिक्तिका म्हणतात. भिवंडीच्या माणसाला मी सांगते, ते तुझं गोदाम समज. माल दारात पडला की धंदा बंद, गोदामात गेला की कामाला रान मोकळं. हे इथे लगेच कळतं. पुण्याच्या एका परिषदेत मात्र मला त्यासाठी आकृत्या काढाव्या लागल्या होत्या.

भाताची आणखी एक युक्ती आहे. पाणी मुळांकडून वर चढत असतं, तेव्हा वाटेवरच्या पेशी त्यातला सोडियम खेचून घेतात. तरी सुटून वर गेला, तर झाड तो खालच्या, जुन्या पानांत साठवतं. ती पानं टोकाकडून करपतात, वाळतात. पण मधला कोवळा पोंगा हिरवा राहतो, आणि पुढे लोंबी येणार ती त्याच्यातूनच. खाडीवरच्या तिवराला हे दुखणं नाही, तो पानावर मीठ घाम आल्यासारखं काढून टाकतो, चाटून बघा हवं तर. भाताला ती सोय नाही. त्याला जुनी पानंच.

हे सगळं मी मोजते कशी? पान धुऊन वाळवायचं, दळायचं, आम्लात विरघळवायचं, आणि तो अर्क एका बारीक नळीतून गॅसच्या निळ्या ज्योतीत सोडायचा. सोडियम असेल तर ज्योत पिवळी होते. जास्त सोडियम, जास्त पिवळी. मशीन त्या पिवळेपणाचा आकडा देतं. एवढंच. पण हे मशीन महाखट्याळ. बोटाला आलेला घामही त्याला कळतो. म्हणून ती छोटी पाटी, आणि म्हणून माझी मदतनीस शबाना. ती लूमवाल्यांच्या घरातली, बी.एस्सी. झालेली, आणि गिऱ्हाइकाने काचेच्या भांड्याकडे नुसता हात नेला तरी "हाथ पीछे!" असं ओरडते की बाहेरचा रिक्षावाला ब्रेक मारतो.

तर या मशीनसमोर एकदा कशेळीचे बाळारामदादा आणि त्यांचा मुलगा रूपेश येऊन उभे राहिले.

दादा आगरी, सत्तरीच्या पुढचे, अंगाने काटक. एके काळी खाडीकाठी त्यांचं पुष्कळ शेत होतं. आता त्यावर गोदामं उभी आहेत आणि घरात कशाला कमी नाही. मी संशोधन केंद्रात असताना नमुने गोळा करायला ज्या खारात हिंडायचे, तिथे बहुतेक जागी आज पत्र्याची छपरं आहेत. मला त्याचं वाईट वाटतं आणि ते कुणाला सांगायची सोय नाही, कारण त्याच गोदामवाल्यांच्या हिरवळीवर माझं दुकान चालतं. दादांनी मात्र बांधाकडेचा एक तुकडा राखला होता. त्यात ते त्यांच्या आजोबांपासूनचा लाल भात लावायचे. हे बियाणं आता आसपास कुणाकडे उरलेलं नाही. दादांचं पीक गेलं की ते वाणच गेलं.

त्या वर्षी श्रावणातल्या पुनवेच्या उधाणाला बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटला, आणि खाडीचं पाणी शेतात शिरलं. दादांनी माणसं लावून, मातीच्या गोण्या टाकून खांड बुजवली. पण आठवड्याभरात भात करपायला लागला.

"बाय," दादा मला म्हणाले, "यो भात मेलाय का जिता हाय, येवढा सांग."

रूपेशने मला बाजूला घेतलं. पांढरे बूट, हातात दोन फोन, पण बोलताना त्याचा आवाज कापत होता. "मॅडम, लोक म्हणतील पोराला तिथं पण गोदाम बांधायचंय. मला जागा नको. मला पप्पा पाहिजेत. मागच्या पावसाळ्यात उधाण बघायला एकटे गेले आणि बांधावरनं घसरले. छातीपर्यंत चिखलात. एका होडीवाल्याने बघितलं म्हणून वाचले. या शेतापायी एक दिवस ते जायचे."

बापलेकांत त्या सकाळी करार झाला होता, आणि दादांची बायको हिरामावशी साक्षीला होती. तपासणीत भात जिता निघाला तर शेत राहील आणि रूपेश पुन्हा त्याचं नाव काढणार नाही. मेलेला निघाला तर शेतात भराव टाकायचा. "मशीन काय सांगंल ते मी मानीन. माजा शबूद हाय," दादा म्हणाले, आणि त्यांनी हातातली नायलॉनची पिशवी टेबलावर ठेवली. पानं ताजी राहावीत म्हणून त्यांनी वरून पाणीही शिंपडलं होतं. सकाळपासून ते ती पिशवी उराशी धरून हिंडत होते.

पानं त्यांनी छान आणली होती, करपलेली वेगळी आणि पोंग्यातली वेगळी, दोऱ्याने बांधून. शबाना ती घेऊन आत गेली. तेवढ्यात रूपेशने शुद्ध पाण्याच्या ग्लासात बोट बुडवून विचारलं, "हे साधंच पाणी आहे ना?"

"हाथ पीछे!" शबाना किंचाळली.

अशा वेळी माझा एक ठरलेला खेळ असतो. मी तेच बोट बुडवलेलं पाणी नळीतून ज्योतीत सोडलं. निळी ज्योत भसकन पिवळी झाली. "हे तुमच्या बोटाचं मीठ, रूपेशभाऊ." तो लहान मुलासारखा हसला. दादाही हसले. त्या दिवशी आमच्याकडे झालेलं ते शेवटचं हसणं.

पानं वाळवून अर्क करायला वेळ लागतो, म्हणून ते दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले. आधी करपलेल्या पानांचा अर्क लावला. ज्योत पिवळीधमक. ते अपेक्षितच होतं. मग कोवळ्या पानांचा लावला. तीही पिवळीधमक! आकडा मशीनच्या बाहेर गेला. मी अर्क पातळ केला, पुन्हा लावला. तेच. रूपेश बघत होता, दादा बघत होते. त्या पिवळ्या रंगाला पुढे भाषांतराची गरजच नव्हती.

"दादा, थांबा जरा. मला हे पटत नाहीये, मी परत बघते," मी म्हटलं.

"किती येला इचारशील त्याला?" दादा उठले. त्यांनी टोपी नीट केली. "रूपेश, उद्या सकाली डंपर मागव."

"पप्पा, मॅडम थांबा बोलतात तर..."

"शबूद दिलाय." आणि ते बाहेर पडलेसुद्धा. जिन्यावरून उतरताना त्यांनी कठड्याला धरलं, ते मला दिसलं. येताना ते धरून चढले नव्हते.

मी तशीच बसून राहिले. एवढं सोडियम कोवळ्या पानात घेऊन भाताचं रोप उभंच राहू शकत नाही, आणि दादांनी आणलेली पोंग्यातली पानं तर हिरवी होती. माझं मशीन बिघडलं? शबानाने ठरलेलं खारं पाणी लावून बघितलं, आकडा अगदी बरोबर. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत असताना मागच्या मोरीत खुडबुड झाली.

"मॅडम, ये बिल्ली देखो," शबाना म्हणाली.

शेजारच्या बेकरीची मांजर आमच्या कचऱ्याच्या डब्यात अर्धी शिरली होती आणि दादांची नायलॉनची पिशवी डोळे मिटून चाटत होती. भाताच्या पानांवर जीव टाकणारी मांजर मी तरी पाहिली नव्हती. मी पिशवी ओढून घेतली, नाकाला लावली, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सुका म्हावरा! त्या पिशवीत कधी तरी खारे मासे ठेवलेले होते. शिंपडलेल्या पाण्यात ते मीठ विरघळलं आणि भाताची पानं दिवसभर त्यात लोणच्यासारखी मुरली. ती धुऊन काय उपयोग? तोवर मीठ आतच गेलेलं.

मी रूपेशला फोन लावला आणि तपासणी चुकलीय असं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, मी पप्पांना मघापासून सांगतोय, राहू दे म्हणून. पप्पा जेवले पण नाहीत. ते माझं ऐकत नाहीत, डंपर त्यांनी स्वतः फोन करून सांगितलेत. तुम्हीच या."

सकाळी मी आणि शबाना चिमटे, हातमोजे आणि कागदाची कोरी पाकिटं घेऊन रिक्षाने निघालो. कशेळीला पोहोचायच्या आधीच नेहमीप्रमाणे सगळं ठप्प. कंटेनर, ट्रेलर, टेम्पो, काही हलेना. मी आयुष्यभर या ट्रॅफिकला शिव्या घातल्यात. पण शबानाने बोट दाखवलं, आणि आमच्या पुढेच चार वाहनं सोडून मुरमाने भरलेले डंपर उभे होते. मागच्या डंपरच्या ड्रायव्हरला विचारलं, "कहाँ जा रहे हो, भैया?"

"बाळारामसेठ के खेत में भराव डालना है."

"आराम से आना," मी म्हटलं. "जल्दी मत करना." मग आम्ही रिक्षा सोडली आणि कंटेनरच्या मधून वाट काढत चालत सुटलो. कशेळीच्या ट्रॅफिकचे मी तेवढे एकदाच आभार मानले आहेत.

दादा बांधावर बसले होते. हिरामावशी खाली उभ्या, पदर तोंडाला लावून. रूपेश थोडा लांब.

"दादा, तपासणी चुकली," मी म्हटलं.

"न्हाय बाय. माझं मन राखायला बोलू नको. शबूद तो शबूद."

"अहो, शब्द कशावर दिला होता? भाताच्या तपासणीवर ना? भात अजून तपासलाच नाही!" आणि मी ती पिशवी वर धरली.

हिरामावशींनी पिशवी बघितली मात्र, त्यांचा पदर तोंडावरून खाली आला. "अगो बाय माजे! ही तं माज्या खाऱ्या बांगड्यांची पिशवी! दोन दिस शोधतंय मी! यात तू पाला नेलास?"

"माना काय म्हाईत," दादा पुटपुटले. "खुटीला व्हती."

"खुटीला व्हती! नाक हाय का न्हाय तुला? गावभर उराशी धरून फिरलास नं वास न्हाय आला?"

"रोजचाच वास, कसा येल?"

शबाना हसायला लागली. रूपेशही वळून, खांदे हलवत हसत होता. हिरामावशी मात्र पेटल्या होत्या. "म्हंजे यानी माजा बांगडा तपासून आनला, नं शेत बुजवायला निंगाला!"

बांगडा तपासला गेला, आता भात तपासू द्या, असं मी म्हटल्यावर दादांनी पिशवी उलटसुलट करून बघितली. शब्द मोडत नाहीये ना, हे ते मनाशी पडताळत असावेत. मग म्हणाले, "काड पाला." आम्ही हातमोजे घालून पानं काढली. जुनी एका पाकिटात, पोंग्यातली दुसऱ्यात. इतक्यात डंपर येऊन पोहोचले. रूपेशने त्यांना रस्त्याकडेला उभं केलं आणि ड्रायव्हरांना हिरामावशींनी तांदळाची भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी तिघंही आले. शबानाने दारातच सगळ्यांचे हात मागे बांधायला लावले, तसे ते शाळेतल्या मुलांसारखे हात मागे धरून ज्योतीसमोर उभे राहिले. हिरामावशी तर श्वाससुद्धा दुसरीकडे तोंड करून घेत होत्या. मी इतकी वर्षं हे काम करतेय, पण त्या दिवशी अर्कावरचं लेबल दोनदा वाचून मगच नळी बुडवली.

जुनी पानं आधी. ज्योत पिवळी झाली, चांगली ठळक. दादांचा चेहरा पडला. मी म्हटलं, "थांबा, घाई नको." नळी शुद्ध पाण्यात धुतली. ज्योत पुन्हा निळी. मग कोवळ्या पानांचा अर्क. ज्योत हलली, कडेला पिवळी झाक आल्यासारखी वाटली, आणि निळीच राहिली.

मग रूपेशने हात मागेच ठेवून विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे भात जिता आहे. सगळं मीठ जुन्या पानांनी आपल्याकडे घेतलंय आणि कोवळं पान वाचवलंय. अजून पोटरीत यायचाय, म्हणजे लोंबी धरायचीय, वेळेत आहे. पावसाचं पाणी शेतात कोंडा, ओहोटीला सोडून द्या, परत कोंडा. मीठ धुऊन जाईल. फक्त पुढच्या उधाणाला खाडी आत येता कामा नये. त्या गोण्या टिकणार नाहीत, बांध पक्का करा."

हिरामावशी रडल्या आणि त्याच दमात दादांना म्हणाल्या, "बग, जुना पान कसा वागतं."

"म्हंजे मी जुना पान?" दादांचे डोळेही भरले होते, पण मिशीत हसू होतं.

"तू कसला पान! तू देठ. वाकत न्हाय नं तुटत न्हाय."

रूपेश अजून ज्योतीकडेच बघत होता. "मॅडम, ते पिवळं परत एकदा दाखवा," तो म्हणाला. मी जुन्या पानांचा अर्क पुन्हा लावला. त्याने तो नीट बघितला. मग बापाकडे वळून म्हणाला, "पप्पा, डंपर उभेच आहेत. मुरूम बांधावर टाकू."

"आत चिकन माती पायजेल, मुरूम वरना," दादा लगेच म्हणाले.

"माती पण आणू. पण माझी एक अट. उधाणाला तुम्ही बांधावर जायचं नाही. मी जाणार."

"तू? या बुटांनी?"

"बूट काढून."

दादांना ते पचायला वेळ लागला. शेत राहिलं याचा आनंद एका बाजूला आणि बांध हातचा गेला याचं दुःख दुसऱ्या बाजूला, असं त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. शेवटी त्यांनी मान हलवली. "बरा. पन काठावरना सांगनार मी."

पुढच्या उधाणाला मला रूपेशचा फोन आला. वारा इतका की अर्धं ऐकू येत नव्हतं. "मॅडम, पाणी बांधाला लागलंय... बांध धरून आहे... पप्पा लांब खुर्चीवर बसलेत, छत्री घेऊन... सारखे ओरडतायत मला!" मागून दादांचा आवाज येत होता, डावीकडे बघ, डावीकडे! मी फोन कानाला लावून प्रयोगशाळेत उगाचच उभी होते. थोड्या वेळाने रूपेश म्हणाला, "ओहोटी लागली," आणि बापलेक दोघांचंही एकदम काहीतरी ओरडणं ऐकू आलं.

भात कापला गेला. नेहमीएवढा नाही आला, लोंब्या आखूड राहिल्या. पण बियाणाला पुरून खायलाही उरला. त्यानंतर एका दुपारी तिघं दारात हजर. दादांच्या हातात तीच नायलॉनची पिशवी. हात मात्र तिघांचेही, पिशवी धरून का होईना, मागे.

"बाय, यात काय हाय ते बिगरमशीनचा वलख," दादा म्हणाले.

ओळखायचं काय, जिन्यापासून वास सुटला होता. नवीन लाल तांदळाच्या भाकऱ्या आणि तव्यावर भाजलेला खारा बांगडा. शबाना माझ्याकडे बघायला लागली, मी छोट्या पाटीकडे बघायला लागले. इतक्या वर्षांत त्या खोलीत कुणी शेंगदाणाही तोंडात टाकलेला नव्हता. मांजर मोरीच्या दारात येऊन बसली होतीच.

मी उठले, गॅस बंद केला, मशीनवर कापड टाकलं आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. दादांनी पहिली भाकरी मोडून मला दिली, दुसरी रूपेशला. रूपेशचे तळवे मी पाहिले, फावड्याचे फोड सुकून घट्टे पडले होते. जेवण होईपर्यंत पलीकडच्या खोलीत एका गोदामवाल्याची हिरवळ तपासायची राहिलीय, हे मी पार विसरले होते. त्याचा फोन आला तेव्हा शबानाने उचलला.

"आज टेस्ट नहीं होगा, साहब," ती बोट चाटत म्हणाली. "सबके हाथ में नमक है."